घरातल्या हवेतला रेडॉन आणि त्याची पिलावळ

अणुरेणू (धागाकर्ता):

हवेच्या शुद्धतेवरच्या धाग्यात मध्यंतरी रेडॉन या किरणोत्सारी वायूचा विषय निघाला होता. "जड वायू आहे, खाली बसतो, खिडकी उघडी ठेवली की झालं" एवढ्यावर तो मिटला. विषय इतक्यात मिटण्यासारखा नाही, आणि "खाली बसतो" हे तर चूकच आहे. म्हणून हा वेगळा धागा. विकिरणमापन हे माझं रोजचं काम आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. शंका मोकळेपणाने विचारा.

आधी तो जडपणा निकालात काढू. शुद्ध रेडॉन हवेच्या जवळपास आठपट जड असतो हे खरं, पण घरात शुद्ध रेडॉन कधीच नसतो. हवेत घनमीटरमागे १०० बेकरेल रेडॉन आहे, म्हणजे दर सेकंदाला १०० अणू फुटताहेत, असं धरलं तर त्या घनमीटरात रेडॉनचे अणू भरतात साधारण पावणेपाच कोटी. आणि हवेचे रेणू? २५ वर चोवीस शून्यं. इतके विरळ अणू हवेच्या रेणूंचे धक्के खात हवेबरोबरच फिरतात, त्यांचा वेगळा थर जमत नाही. तळघरात रेडॉन जास्त सापडतो तो जमीन लागून असते म्हणून, वजनामुळे नव्हे.

युरेनियम-२३८ थोडंफार सगळ्याच मातीत आणि खडकात असतं. त्याची अर्धायु (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) ४४७ कोटी वर्षं, त्यामुळे ते संपायचा प्रश्न नाही. एक अणू फुटून दुसरा बनतो अशी त्याची साखळी असते, तिच्यात पुढे येतं रेडियम-२२६, अर्धायु १६०० वर्षं. इथवरचे सगळे घन पदार्थ, आपापल्या जागी दगडात अडकलेले. रेडियम फुटलं की बनतो रेडॉन-२२२, आणि हा निष्क्रिय वायू कोणाशीच संयोग पावत नाही, म्हणून मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मोकळा सुटतो. त्याची अर्धायु ३.८२ दिवस. जमिनीतून वाट काढत घरात शिरायला एवढा वेळ पुष्कळ झाला.

आता खरा मुद्दा. श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन बहुतांशी जसा गेला तसा बाहेर येतो. फुप्फुसांना इजा करते ती त्याची पिलावळ. रेडॉनचा अणू फुटला की पोलोनियम-२१८ जन्मतं. हा वायू नाही, धातू आहे, आणि जन्मताना बहुधा धनभारित असतो. तो क्षणार्धात भोवतालचे पाण्याचे वगैरे रेणू गोळा करून नॅनोमीटरभर आकाराचा पुंजका बनतो, आणि हवेत धूळ, धूर असेल तर त्या कणांना जाऊन चिकटतो. त्याची अर्धायु ३.१ मिनिटं. अल्फा कण (अणू फुटताना वेगाने सुटणारा जड कण) टाकून तो शिसं-२१४ होतो, त्याची अर्धायु सुमारे २७ मिनिटं. मग बिस्मथ-२१४, सुमारे २० मिनिटं. मग पोलोनियम-२१४, जे जेमतेम १६४ मायक्रोसेकंद टिकतं आणि ७.६९ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा अल्फा कण फेकतं. त्यानंतर शिसं-२१०, अर्धायु २२ वर्षं, तिथे साखळीचा वेग एकदम मंदावतो.

म्हणजे हे कण श्वासनलिकेच्या अस्तरावर बसले की तास-दोन तासांत आपले अल्फा कण सोडून मोकळे होतात. श्वासनलिकेतला श्लेष्मा आत आलेला कचरा वर ढकलत असतो, पण त्याला कित्येक तास लागतात. तोवर काम झालेलं असतं. अल्फा कण पेशींमध्ये मिलिमीटरच्या शतांश भागांइतकाच आत जातो, साधारण ०.०५ ते ०.०७ मिमी. कातडीवर पडला तर वरच्या मृत थरातच अडकेल. पण श्वासनलिकेत ज्या पेशींपासून कर्करोग सुरू होतो त्या नेमक्या तेवढ्याच खोलीवर असतात.

हे सगळं कागदोपत्री वाटत असेल तर एक प्रयोग सांगतो. पातळ खिडकीचा गायगर काउंटर (टकटक करून विकिरण मोजणारं यंत्र) कोणाकडे असेल तर जरूर करा. बंद खोलीत आधी काउंटरचा नेहमीचा आकडा लिहून ठेवा. मग रबरी फुगा फुगवून लोकरी कापडावर खसाखसा घासा आणि खोलीच्या मध्यभागी दोऱ्याने टांगा. अर्ध्या-पाऊण तासाने, हाताचा फारसा स्पर्श न करता, त्यातली हवा सोडा आणि आक्रसलेलं रबर काउंटरच्या खिडकीखाली धरा. टकटक एकदम वाढते. फुगा ऋणभारित झालेला असतो आणि खोलीतली धनभारित पिलावळ त्याने स्वतःवर ओढून घेतलेली असते. दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत गेलात तर तो साधारण अर्ध्या-पाऊण तासाला निम्मा होताना दिसेल, म्हणजे शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ यांचं जोडघड्याळच. विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही, कारण नेहमीच्या श्वासातली हवा पहिल्यांदाच आवाज करते.

शेवटी आकडे. बाहेरच्या मोकळ्या हवेत रेडॉन घनमीटरमागे साधारण १० बेकरेल, घरांची जागतिक सरासरी ४० च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली १०० ही संदर्भ पातळी (घरातला रेडॉन जिच्या खाली ठेवावा ती) सुचवली आणि जिथे ते जमत नाही तिथेही ३०० च्या वर जाऊ नये असं सांगितलं. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात ३०० ही कमाल संदर्भ पातळी आहे. अमेरिकेत ४ पिकोक्युरी (तिथलं किरणोत्साराचं एकक) प्रति लिटरला उपाय करा म्हणतात, ते होतात १४८ बेकरेल.

शेवंती:

वाचनखूण साठवली आहे. फार सोपं करून सांगितलंत. एक शंका: इजा पिलावळीमुळे होते, तर मग घरात मोजायची उपकरणं रेडॉन वायू का मोजतात? थेट पिलावळच मोजायला नको का?

अणुरेणू:

@शेवंती, अगदी मर्माचा प्रश्न. खाणीत पिलावळच मोजायचे, 'वर्किंग लेव्हल' हे एकक त्यातूनच आलं. घरात अडचण अशी की पिलावळीचा आकडा तासागणिक बदलतो. पंखा लावला की ती भिंतींवर आणि पात्यांवर जाऊन बसते, हवेतून कमी होते. कोणी उदबत्ती किंवा सिगारेट पेटवली की धुराच्या कणांना चिकटून हवेतच तरंगत राहते. वायू आणि पिलावळ यांच्या या नात्याला समतोल गुणांक म्हणतात. बंदिस्त, हवा अजिबात न हलणाऱ्या जागेत तो १ कडे जातो, घरात साधारण ०.४ धरतात. म्हणजे रेडॉन १०० बेकरेल असेल तर पिलावळीचा परिणाम ४० बेकरेल पूर्ण समतोलात असल्यासारखा.

आता यातली गंमत पाहा. हवा स्वच्छ असली की पिलावळ एकूण कमी राहते, पण जी उरते तिच्यात धुळीला न चिकटलेले सुटे नॅनोमीटरी कण जास्त असतात. हे सुटे कण श्वासनलिकेत फार पटकन बसतात, त्यामुळे कणामागे विकिरणाची मात्रा जास्त. हवा धुरकट असली की पिलावळ जास्त, पण चिकटलेली, कणामागे मात्रा कमी. दोन्ही गोष्टी एकमेकींना बऱ्याच अंशी भरून काढतात. त्यामुळे शेवटी फुप्फुसाला मिळणाऱ्या मात्रेचा अंदाज वायूच्या दीर्घकालीन सरासरीवरूनच बरा येतो.

निर्वात:

मग एअर प्युरिफायरचं काय? माझ्याकडे हेपा फिल्टरचा आहे, चोवीस तास चालू असतो. रेडॉनपासून संरक्षण मिळतं असं विक्रेत्याने ठामपणे सांगितलं होतं.

अणुरेणू:

@निर्वात, वरच्या प्रतिसादातच अर्धं उत्तर आहे. फिल्टर रेडॉन वायू पकडत नाही. तो धुळीला चिकटलेली पिलावळ पकडतो, पण धूळही कमी करतो, त्यामुळे नव्याने जन्मलेल्या पोलोनियमला चिकटायला काही मिळत नाही आणि सुट्या कणांचं प्रमाण वाढतं. एकूण पिलावळ घटते, मात्रा तेवढ्या प्रमाणात घटत नाही. धुळीसाठी, परागकणांसाठी प्युरिफायर जरूर चालवा, चांगलाच आहे. पण वायूचा आकडा मोठा असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

कातळ:

उत्तम धागा. भूगर्भाच्या बाजूने थोडी भर घालतो.

सगळीकडे युरेनियम असतं म्हटलं तरी ते सारखं नसतं. ग्रॅनाइट, काळे सेंद्रिय शेल, फॉस्फेटयुक्त खडक यांत जास्त. पण नुसतं युरेनियम पुरेसं नाही, वाट लागते. घट्ट ओल्या चिकणमातीखाली भरपूर युरेनियम असूनही वरच्या घरात काही येत नाही, आणि भेगाळलेला चुनखडक किंवा जाड वाळू-रेती असेल तर मध्यम खडकावरचं घरही चांगलंच भरतं. मातीतल्या हवेत घनमीटरला हजारो ते कित्येक दहा हजार बेकरेल सहज असतात. घर त्यावर बसलेलं असतं, आणि घरातली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असली की ती वरून निसटते, तळाशी दाब काही पास्कलने कमी होतो. तेवढ्या ओढीने फरशीच्या सांध्यातून, नळांच्या भोकांभोवतीच्या फटींमधून माती श्वास सोडते तो थेट घरात.

१९८४ च्या डिसेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात जे घडलं ते या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण. तिथला एक अभियंता विकिरणाच्या तपासणी-दारातून जाताना रोज भोंगा वाजवत होता. केंद्राचं बांधकाम चालू होतं, अणुभट्टी सुरूसुद्धा झाली नव्हती. तो केंद्रात शिरताना भोंगा वाजतो हे लक्षात आल्यावर घर तपासलं, तर तिथे लिटरमागे सुमारे २७०० पिकोक्युरी, म्हणजे घनमीटरला एक लाख बेकरेलच्या घरात रेडॉन निघाला. ते घर रीडिंग प्राँग नावाच्या युरेनियमयुक्त खडकपट्ट्यावर होतं. अणुरेणू म्हणतात तीच पिलावळ त्याच्या कपड्यांवर, अंगावर बसून रोज केंद्रात येत होती.

हेमगर्भ:

वाचतोय, पण थोडा वेगळा सूर लावतो. नैसर्गिक विकिरणात माणूस लाखो वर्षं जगत आला आहे. ऑस्ट्रियातल्या बाड गास्टाइनला, चेक प्रजासत्ताकातल्या याखिमोवला लोक मुद्दाम रेडॉनचे उपचार घ्यायला जातात. अमेरिकेत बर्नार्ड कोहेन यांनी १९९५ साली १६०१ काउंट्यांची (तिथल्या जिल्ह्यांची) आकडेवारी मांडली, तीत तर जिथे रेडॉन जास्त तिथे फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसला. मग खाणीतल्या प्रचंड मात्रांवरून घरातल्या किरकोळ मात्रेची भीती का घालायची?

श्वासनलिका:

@हेमगर्भ, मी छातीच्या रोगांचं काम करते, म्हणून उत्तर देते. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो संशोधकांनीही फार गांभीर्याने घेतला होता.

खाणीपासून सुरुवात करू. जर्मनीतल्या श्नीबर्गच्या खाणकामगारांना छातीचा जीवघेणा आजार होतो हे शतकानुशतकं माहीत होतं. तो फुप्फुसाचा कर्करोग आहे हे हार्टिंग आणि हेस यांनी १८७९ मध्ये दाखवलं, म्हणजे रेडॉनचा शोध लागण्याच्याही आधी. पुढे युरेनियम खाणींमधल्या कामगारांवरचे मोठे अभ्यास झाले आणि १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. घरातल्या पातळीला हे लागू पडतं का, हा प्रश्न मात्र खरंच शिल्लक होता.

कोहेन यांचे आकडे खोटे नव्हते. अडचण पद्धतीत होती. अख्ख्या काउंटीची सरासरी घेतली की कोणत्या माणसाने किती रेडॉन घेतला आणि त्यातला कोण धूम्रपान करत होता हे हरवतं. धूम्रपानाचा परिणाम इतका प्रचंड आहे की त्यात थोडा जरी कल असला तरी रेडॉनची रेघ उलटी वळते. शहरी भागांत धूम्रपान जास्त आणि घरांत रेडॉन कमी, असा तो कल होता. नंतर त्याच धर्तीवर तपासलं तेव्हा धूम्रपानाशी जोडलेल्या इतर कर्करोगांतही रेडॉन वाढला की रोग कमी असंच चित्र दिसलं, धूम्रपानाशी संबंध नसलेल्यांत दिसलं नाही. आता रेडॉन तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगापासूनही वाचवतो असं कोणीच म्हणणार नाही.

म्हणून मग माणसागणिक अभ्यास झाले. सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये युरोपातल्या ९ देशांचे १३ अभ्यास एकत्र केले: फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७१४८ रुग्ण आणि तुलनेसाठी १४,२०८ जण. प्रत्येकाच्या घरातला रेडॉन मोजलेला, धूम्रपानाचा इतिहास घेतलेला. घनमीटरमागे १०० बेकरेल वाढीला धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो असं निघालं, आणि अमुक पातळीखाली धोका शून्य अशी पायरी काही सापडली नाही.

हे १६ टक्के कशाचे, ते समजून घेणं फार गरजेचं आहे. त्याच अभ्यासाच्या हिशेबाने, कधीच धूम्रपान न केलेल्या माणसाला वयाच्या ७५ पर्यंत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण येण्याची शक्यता रेडॉन नसताना ०.४ टक्के, १०० बेकरेलला ०.५, ४०० ला ०.७. धूम्रपान करणाऱ्याला तीच अनुक्रमे १०, १२ आणि १६ टक्के. घरात रेडॉन असेल तर सगळ्यात मोठा फायदा सिगारेट सोडण्याने होतो, हे मी रुग्णांना तळमळीने सांगत असते. पण न ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं महत्त्वाचं कारण रेडॉनच आहे, हेही तितकंच खरं.

हेमगर्भ:

@श्वासनलिका, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. इतर कर्करोगांचा मुद्दा मला माहीत नव्हता. तो पटला.

घरबांध्या:

+१. माझं काम दुरुस्तीचं, त्यामुळे "आकडा जास्त आला, आता काय?" इथून माझी गाठ पडते.

लोक सगळ्यात आधी भेगा बुजवायला घेतात. बुजवाव्यात, पण नुसत्या त्याने काम होत नाही. एका घरी आधीच्या कारागिराने फरशीचा प्रत्येक सांधा नेटका भरून दिला होता आणि आकडा जवळपास होता तिथेच. हवेला केसाएवढी फट पुरते, आणि ओढ तशीच राहिली तर ती उरलेल्या फटीतून दुप्पट जोराने येते. ओढच उलटी करावी लागते. फरशीला भोक पाडून खाली छोटा खड्डा करायचा, त्यातून नळी काढून छपराच्या वर न्यायची, आणि वाटेत चोवीस तास चालणारा पंखा बसवायचा. फरशीखालचा दाब घरातल्या दाबाहून कमी झाला की हवा घरातून खाली जाते, खालून वर येत नाही. चांगलं जमलं तर रेडॉन दहा टक्क्यांच्याही खाली येतो.

दोन बारीक गोष्टी, ज्या हमखास चुकतात. पंखा राहत्या जागेच्या बाहेर बसवा. पंख्याच्या पुढची नळी दाबाखाली असते, ती घरात कुठे गळली तर खालचा घट्ट रेडॉन तुम्ही स्वतःच खोलीत सोडाल. दुसरं, नळीवर इंग्रजी यू आकाराची द्रव भरलेली दाबनळी लावा. दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली तर पंखा ओढत नाहीये. विजेचा दिवा चालू असतो म्हणून पंखा काम करतोय असं समजू नका.

आणि घरात चूल, बॉयलर असं जळणारं काही असेल तर नवी ओढ बसवल्यावर त्याचा धूर उलटा आत येत नाही ना, हे त्याच दिवशी तपासा. कार्बन मोनॉक्साइड रेडॉनसारखा वर्षानुवर्षं थांबत नाही.

निर्वात:

@घरबांध्या, न्हाणीघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा जास्त वेळ चालवला तर?

घरबांध्या:

उलटा परिणाम होऊ शकतो. तो घरातली हवा बाहेर फेकतो, तितकी हवा कुठून तरी आत येणारच, आणि खिडक्या घट्ट बंद असतील तर ती जमिनीतून येते. खिडकी उघडी ठेवून चालवा. ऊर्जा वाचवायला घर सील करणाऱ्यांनीही आधी आणि नंतर मोजून पाहावं, कित्येकदा आकडा वाढतो.

शेवंती:

आमची झोपायची खोली तळमजल्यावर आहे, तेव्हा मोजायचं ठरवलं आहे. बाजारात दोन-चार दिवसांच्या कोळशाच्या डब्या आहेत, महिनोन्महिने ठेवायच्या प्लास्टिकच्या डब्या आहेत, आकडा दाखवणारी यंत्रं आहेत. काय घेऊ?

अणुरेणू:

घाई नसेल तर प्लास्टिकची, निदान तीन महिने. रेडॉन पहाटे वाढतो, दुपारी उतरतो, वाऱ्यापावसाने बदलतो, ऋतूप्रमाणे बदलतो. दोन दिवसांचा आकडा खरा असतो, पण त्या दोन दिवसांचाच असतो.

त्या डबीत सीआर-३९ नावाच्या प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा असतो. चष्म्याची भिंगं करतात तेच प्लास्टिक. प्रत्येक अल्फा कण त्यात डोळ्याला न दिसणारा ओरखडा सोडून जातो. प्रयोगशाळेत तो तुकडा गरम कॉस्टिक सोड्यात काही तास ठेवला की ओरखड्याच्या जागी प्लास्टिक लवकर झिजून खड्डा पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली गोल खड्डे दिसतात, कण तिरका आला असेल तर लांबट. ते मोजायचे, दिवसांनी भागायचं. ना बॅटरी, ना आवाज, आणि बीटा-गॅमा या इतर विकिरणांचा त्यावर काही परिणाम होत नाही.

ठेवायची ती झोपायच्या खोलीत, श्वासाच्या उंचीच्या आसपास, खिडकी, पंख्याचा झोत आणि उष्णता यांपासून दूर. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात नको. भिंतीला चिकटवूनही नको, त्याचं कारण कातळ यांना चांगलं सांगता येईल.

कातळ:

कारण थोरॉन. थोरियम या युरेनियमसारख्याच किरणोत्सारी धातूच्या साखळीतला रेडॉन-२२०. त्याची अर्धायु ५५.६ सेकंद, म्हणून तो जमिनीतून फारसा वर पोचत नाही, पण भिंतीतल्या मातीतून किंवा दगडातून सुटून भिंतीलगत वीतभर अंतरात भरपूर असतो. डबी तिथेच असली आणि तिची रचना थोरॉन अडवणारी नसली तर आकडा फुगतो. मात्र मातीच्या, न लिंपलेल्या भिंतींच्या घरात थोरॉन सोडून देण्यासारखा नाही. त्याच्या पिलावळीतलं शिसं-२१२ सुमारे साडेदहा तासांच्या अर्धायूचं असतं, ते सगळ्या खोलीभर पसरतं.

दीपमाळ:

विहिरीच्या पाण्यात रेडॉन असतो म्हणतात. आणि आम्ही तीस वर्षं याच घरात राहतोय, इतक्या वर्षांत किती घेतला ते आता कळायचा काही मार्ग आहे का?

अणुरेणू:

@दीपमाळ, पाण्यातला रेडॉन अंघोळ, धुणं यांच्या वेळी हवेत सुटतो. ढोबळ हिशेब असा की पाण्यात घनमीटरला दहा हजार बेकरेल असतील तर घरातल्या हवेत सरासरी एका बेकरेलची भर पडते. खोल विंधन विहिरीचं पाणी थेट घरात येत असेल आणि खडक ग्रॅनाइटचा असेल तर तपासावं. नदी-तलावाच्या पाण्याची काळजी नको.

तीस वर्षांचा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याला उत्तर आहे. पिलावळ खोलीतल्या काचांवरही बसते. तिथे पोलोनियम फुटताना अल्फा कण एकीकडे सुटतो आणि उरलेला अणू मागे धक्का खाऊन काचेत रुततो, काही दहा नॅनोमीटर आत. पुसून तो निघत नाही. साखळी शिसं-२१० वर येऊन थबकते, त्याची अर्धायु २२ वर्षं, आणि त्यातून पुढे निघणाऱ्या पोलोनियम-२१० चे अल्फा कण काचेच्या पृष्ठभागावर मोजता येतात. एकाच घरात वर्षानुवर्षं टांगलेल्या तसबिरीची काच असेल तर तिच्यावरून जुन्या पातळीचा अंदाज बांधतात. रोगपरिस्थितीच्या अभ्यासांत ही पद्धत वापरलेली आहे. फक्त ती तसबीर सगळा काळ कुठे टांगली होती हे नक्की माहीत हवं. धुराने काळवंडलेल्या खोलीत किंवा सतत पंख्याच्या झोतात असेल तर अंदाज ढिला पडतो.

पण तुमच्यासाठी त्याआधी आजचा आकडा महत्त्वाचा. शेवंती यांना सांगितलं तीच डबी झोपायच्या खोलीत लावा.

शेवंती:

डबी मागवली. निकाल आला की इथेच लिहीन. घरबांध्या, आकडा ३०० च्या वर आला तर तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

घरबांध्या:

जरूर. १०० आणि ३०० च्या मध्ये आला तरी करा. व्यनित फरशीखाली काय आहे ते लिहा, भराव, खडी की सरळ माती. खडी असेल तर एकाच खड्ड्यातून सगळ्या खोल्यांखालची हवा ओढता येते. चिकणमाती असेल तर दोन-तीन ठिकाणी भोकं पाडावी लागतात.